चरबीच्या पेशी आणि अकराची चटणी

इन्सुलिन टाकलं की चरबीच्या पेशींमधली कॅल्शियमची दारं उघडतात, हे मी चार वर्षं खपून सिद्ध केलं. आता असं समजा, की मी काहीच सिद्ध केलेलं नाही. माझ्या गाईड टेंभेकर मॅडम तसंच समजून चालल्या आहेत.

झालं एवढंच, की रोज अकराला टाकायचं इन्सुलिन काल मी विसरलो. तरीही अकरा वाजता पेशींमधला विजेचा प्रवाह दाखवणारी पडद्यावरची रेघ रोजच्यासारखी टुणकन वर उडाली. त्याच क्षणी भिंतीपलीकडे कँटीनच्या काकूंचा मिक्सर घरघरला. प्रयोगशाळेची आणि कँटीनची वीज एकाच तारेवरून येते. मिक्सर थांबला, रेघ खाली बसली.

"म्हणजे चार वर्षं तू चटणी मोजलीस," मॅडम म्हणाल्या. "एकतीस तारखेला प्रबंध द्यायचाय. सगळं पुन्हा कर."

"दुपारी करतो, मॅडम."

"दुपारी काकू शेंगदाण्याचं कूट करतात."

मी काकूंना गाठलं. म्हटलं, माझी पीएचडी बुडतेय, महिनाभर मिक्सर बंद ठेवा. काकूंनी शांतपणे डोसा उलटला. "आणि दोनशे पोरांना कोरडा डोसा घालू? तुझ्या पेशींना म्हणावं, जरा कळ काढा."

शेवटी माननीय कुलसचिवांना अर्ज लिहिला: 'सबब, अर्जदाराचा प्रबंध सादर होईपर्यंत उपाहारगृहातील चटणी पाट्यावर वाटण्याचे आदेश व्हावेत, व त्या कामी एका सहायक प्राध्यापकाची पूर्णवेळ नेमणूक करण्यात यावी, ही नम्र विनंती.'