चमच्यांपेक्षा हळू

"काका, याच्याहून मोठ्यानं वाजवता येत नाही का हो तुम्हाला?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून ती गेली. हॉटेलच्या त्या थंडगार हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या झाडाशेजारी उंच स्टुलावर बसून एक माणूस गिटार वाजवत होता. वाजवत कसला, तारांवरची धूळ झटकत होता म्हणा ना. काळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हॉलमध्ये कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. बुटक्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक यायला वेळ होता आणि पाचही जणी कंटाळल्या होत्या.

"तूच जा," बुटकी म्हणाली होती. "तुझ्या बाबाचा रॉक बँड आहे ना? तुला कळतं यातलं."

बँड होता खरा, पण तिच्या जन्माच्या आधी. माईकवर ओरडणाऱ्या, खांद्यापर्यंत केस सोडलेल्या बाबाचा फोटो तिनं वर्गभर फिरवला होता. पुढचं काही सांगितलं नव्हतं. आणि आता स्टुलावर तोच बाबा बसला होता. केस पार उडालेले, पालकसभेला नेहमी आई जायची, त्यामुळे चौघींपैकी एकीनंही ओळखला नाही. फ्रिजवर लावलेल्या त्याच्या पाळ्यांच्या तक्त्यात आजची दुपार सुट्टीची होती. पियानोवाल्याची बायको आजारी पडेल आणि बाबा त्याची पाळी घेईल, हे तक्त्यात कुठून असणार?

बाबानं वर पाहिलं. हात थांबले नाहीत. आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या टेबलाकडे. तिथे चौघी तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. त्याला सगळं कळलं. बाबाला नेहमी सगळं कळतं, हीच तर पंचाईत.

"नाही हो मॅडम," तो म्हणाला. "मॅनेजरसाहेबांचा नियम आहे. गिटारपेक्षा चमच्यांचा आवाज जास्त आला पाहिजे. जेवताना कुणाला ऐकायचा त्रास नको."

मॅडम म्हणाला. रोज तशीच हाक मारायची सवय असल्यासारखा.

"मग वाजवायचं कशाला?" हे पैजेत नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं.

"पाच वाजता चहा देतात," बाबा म्हणाला. "साखर पण भरपूर घालतात."

आता नुसतं "बाबा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं "थँक्यू काका" म्हटलं आणि वळली.

"काय म्हणाला गं, काय म्हणाला?"

"चमच्यांचा आवाज जास्त आला पाहिजे म्हणे." तिनं मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून नक्कल केली. फारच हुबेहूब झाली. टेबलावर हशा पिकला. ती पण हसली.

मागे गाणं बदललं. दुसऱ्याच सुराला तिनं ओळखलं. बँडचं स्वतःचं गाणं. इस्त्री करताना बाबा तेच गुणगुणतो. कॉलेजच्या संमेलनात या गाण्याला पोरं खुर्च्यांवर चढली होती. प्राचार्यांनी स्वतः स्टेजवर येऊन वायर उपटली होती, तरी बाबा आणि ड्रमवाला काका वायरशिवाय शेवटपर्यंत ओरडत राहिले होते. आमचं तोंड आमच्याच मालकीचं आहे, असं काहीसं होतं त्यात. मॅनेजरला यातलं काय माहीत असणार!

आता त्यात शब्द नव्हते, ओरडणं नव्हतं. नियमात बसेल एवढंच. शेजारच्या टेबलावर एका बाईच्या मांडीवरचं बाळ मघापासून किरकिरत होतं. ते गप्प झालं. हळूहळू झोपलं. बाईनं बाबाकडे बघून मान हलवली, छान म्हणून. बाबानंही मान हलवली, आभार म्हणून.

"हे बरंय," चष्मेवाली मैत्रीण म्हणाली. "झोपेचं गाणं."

केक आला. तिनं आपला तुकडा तसाच बशीत ठेवला.

साडेसातला बाबा घरी आला. बूट काढले आणि दाराशीच बसून राहिला. आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून जरा आधी आलेली, पायाखाली उशी घेऊन पडलेली. पाणी कोण आणणार यावर दोघांचं नेहमीचं "तू ऊठ", "तू ऊठ" झालं. शेवटी लेकच उठली.

"कसा झाला गं वाढदिवस?" आईनं विचारलं.

"पोरींनी मजा केली असणार," बाबाच म्हणाला. त्यानं आईला काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हता.

तिनं दोन्ही पेले खाली ठेवले. "मजा नाही केली. मी बाबाच्याच हॉटेलात होते. सगळ्यांसमोर त्याला काका म्हटलं. वर नक्कलही केली."

आई उठून बसली.

"अगं, गिऱ्हाईकच होती ती माझं," बाबा घाईघाईनं म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "राहू दे गं. त्यांच्याकडे फोटोतला बाबा आहे ना, तोच बरा आहे. केस तरी आहेत त्याला."

कुणी हसलं नाही. बाबा पायाचा अंगठा दाबत बसला.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "उद्या मधल्या सुट्टीत चौघींना सांगणार, तो माझा बाबा आहे म्हणून. आणि शनिवारी आम्ही पाचजणी परत तिथं येणार. अगदी पुढच्या टेबलावर बसणार."

"अगं, पण तिथं..." बाबानं सुरुवात केली.

"एवढ्यात कशाला?" आई म्हणाली. "थोडा विचार कर."

"मी विचारत नाहीये तुम्हाला," ती म्हणाली. "सांगतेय."