घसरलेला फोटो

"ताई, आमच्या कॉम्प्युटरवर पेशंटचा फोटो खाली घसरलाय हो," वॉर्डमधल्या सिस्टरांचा दुसऱ्यांदा फोन आला. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरचं पेशंटच्या माहितीचं पान या प्रोग्रामर ताईनंच बनवलं होतं. "माझ्याकडे तर नीट दिसतंय," ती म्हणाली. वॉर्डमधल्या जुन्या ब्राउझरसाठी पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस कोडच्या दोन ओळी घालायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या.

आठवड्याने तिच्या आईला त्याच वॉर्डात ठेवलं. सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. तिची नजर स्क्रीनवर गेली. अ‍ॅलर्जीची लाल ओळ आईच्या हसऱ्या फोटोमागे गडप झाली होती.

"थांबा! आईला हे चालत नाही!"

"अगंबाई! इथं तर काहीच दिसत नाही," सिस्टरांनी सुई मागे घेतली.

आई वाचली, पण लेकीला सिस्टरांचे ते दोन फोन आठवले.

"सिस्टर, हे इंजेक्शन आठवडाभरात आणखी कुणाकुणाला दिलंत?"