दहावं कोडं

भाचीला जुळी झाली त्या वर्षी मामा कॉम्प्युटर शिकले. पस्तीस वर्षं एका अकरा मजली कचेरीची लिफ्ट वरखाली केलेला माणूस. अक्षरओळख झाली तीच पन्नाशीला, मजल्यामजल्यावरच्या पाट्या वाचत. आता वाचनालयातल्या फुकट वर्गाला जाऊन त्यांनी कोड्यांचा एक प्रोग्राम लिहिला होता, आणि तो सोमवारी दुपारी आक्काच्या खाटेवर, भाचीच्या लॅपटॉपमध्ये, अडून बसला होता.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, भाचीची आई. गळ्याच्या दुखण्यानं दोन महिन्यांपूर्वी तिचा आवाज गेला, तेव्हापासून ती कोपऱ्यातल्या खाटेवरच असे. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

तिनं कोड्याचं उत्तर एका बोटानं टिपलं. ‘बरोबर,’ मशीन म्हणालं, आणि पुन्हा तेच कोडं विचारलं. पुन्हा ‘बरोबर’, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला आक्कानं कपाळाला हात लावला.

भाची एका जुळ्याला खांद्यावर थोपटत वाकली. “मामा, ‘पुढचं कोडं घे’ ही ओळ लूपच्या, म्हणजे फेऱ्यांच्या, बाहेर राहिलीय. फेऱ्या संपल्याशिवाय मशीन त्या ओळीपाशी येणार नाही.”

“आणि ती ओळ आल्याशिवाय फेऱ्या संपणार नाहीत.”

“तेच. चार घरं आत सरकवा तिला. शिवाय तुमचं पहिलं कोडं विचारायचंच राहिलंय. इथं मोजणी शून्यापासून असते.”

“म्हणजे तळमजला!” मामा एकदम खूश झाले. “हे आधी सांगायचं ना. आमच्या लिफ्टमध्येही तळाला शून्यच. मी एकापासून निघालो, खालची माणसं खालीच राहिली.”

त्यांनी स्पेसचं बटण मोजून चारदा दाबलं, एकाचं शून्य केलं. गाडी रुळावर आली. आक्का भराभर सुटली. सातव्या कोड्याला तिनं उत्तराऐवजी ‘हे मीच शिकवलंय तुला’ असं लिहिलं. ‘चूक. पुन्हा सांगा,’ मशीन म्हणालं. भाचीला हसू आवरेना.

मग दहावं आलं, आणि मामा खुर्ची पुढं ओढून बसले.

‘असतं तेव्हा कोपऱ्यात मावतं, नसतं तेव्हा घरभर होतं. ओळखा.’

हे कोडं आक्कानं त्यांना घातलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. उत्तर तिनं कधी सांगितलं नाही. साठ वर्षं मामा अंदाज बांधत आले. मीठ म्हणून पाहिलं, किल्ली म्हणून पाहिलं, एकदा तर भर लग्नघरात तिला बाजूला घेऊन ‘काडेपेटी’ म्हणाले. दर वेळी ती म्हणायची, “नाही रे.” आता तोंडानं सांगता येत नाही तर निदान बोटानं तरी लिहील, आणि उद्याच्या आत लिहील, एवढ्यासाठीच त्यांनी हा सगळा घाट घातला होता. बाकीची नऊ कोडी नुसती सोबतीला.

आक्कानं लिहिलं, ‘मीठ.’

‘चूक. पुन्हा सांगा.’

‘किल्ली.’

‘चूक. पुन्हा सांगा.’

“माझीच उत्तरं मला परत नको देऊस,” मामा म्हणाले. “खरं लिही.”

‘शहाण्या,’ आक्कानं लिहिलं. तेही चूक निघालं.

भाचीनं प्रोग्राम उघडून पाहिला. “अहो मामा, दहाव्याच्या उत्तराच्या जागी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. कोरं आहे.”

“मला ठाऊक असतं तर लिहिलं नसतं का? ती टिपेल ते मशीननं घ्यावं.”

“मशीन घेत नाही, ताडून बघतं. उत्तर आधी आपण आत ठेवायचं असतं. आता आई काहीही लिहो, हे ‘चूक’च म्हणणार. जन्मभर विचारत बसेल.”

“बसू दे. मीही बसलोच की.”

“थांबा, दुरुस्त करते.” भाची पुढं झाली. आक्कानं तिचं मनगट धरलं. धरूनच ती पडद्यावरची ओळ वाचत राहिली. स्वतःचंच कोडं, पण दुसऱ्या कुणी घातल्यासारखं. ओठ हलत होते. मग तिनं भावाकडे पाहिलं, आणि एकही अक्षर न लिहिता एंटर दाबलं.

‘बरोबर! दहापैकी दहा.’

मामा चष्मा सावरत पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. “बरोबर काय? काय लिहिलंस?”

आक्कानं उत्तराच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिचे खांदे हलत होते. आवाज नसला तरी ती हसतेय हे कळत होतं.

“आत काही नव्हतं, आईनंही काही लिहिलं नाही,” भाची म्हणाली. “जुळलं.”

“जुळलं कसलं! ही लबाडी झाली,” मामा म्हणाले. “आक्का, घरी आलीस की सोडणार नाही मी. उत्तर सांगावंच लागेल.”

आक्कानं मान हलवली. होय म्हणाली की नाही, ते मामांना कळलं नाही.

आक्का त्याच आठवड्यात गेली. शुक्रवारी, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी पावणेसात वाजता. मामा घरी आले तेव्हा कोपऱ्यातली खाट रिकामी होती, आणि घरात जातील तिथं आक्काच होती.