बेतानं बरं व्हा

मैथिलीच्या गुडघ्यावरचा पट्टा विमा कंपनीचा होता. तिचं प्रत्येक पाऊल तो कंपनीला कळवायचा आणि फिजिओथेरपी चालू ठेवायची की नाही, हे त्यावरूनच ठरायचं.

"प्रगती दिसत नाही, उपचार बंद," असं तो पट्टा मार्चमध्ये बोलला होता. तिच्या आईने, शलाकाने, भांडभांडून उपचार पुन्हा सुरू करून घेतले. शेजारच्या निहारचं उलटंच झालं. पोरगं भिंत धरून जेमतेम चालायला लागलं, तर त्याचा पट्टा बोलला, "मूल चालू लागलं, उपचार पूर्ण!" आता तो पुन्हा रांगत होता.

म्हणून थेरपी सेंटरमधल्या सगळ्या आया मुलांना एकच गोष्ट शिकवायच्या: दर आठवड्याला थोडंसंच बरं व्हायचं.

"मेले विमावाले! पोरीनं बरं व्हायचं, तेही आमटीत मीठ घालावं तसं बेतानं?" शलाका भाजी चिरता चिरता नवऱ्यापाशी करवादली.

"आई, बघ ना!"

भिंत सोडून मैथिली खोलीच्या मधोमध उभी होती. तिने एक पाऊल टाकलं, मग हसत दुसरं. याच क्षणासाठी शलाकाने किती नवस बोलले होते.

"खाली बस!" ती किंचाळली. "मैथिली, आधी खाली बस!"