डिझेल जाते कोठी?

श्यामराव जेवायला घराकडं वळला, तशी चंद्रकांता दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून खाली उतरली. नाल्याकाठी त्याचं पाणी उपसायचं इंजिन थंड व्हायला ठेवलेलं. तिनं डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं, पदरातली रेती आत सोडली आणि वरून तांब्याभर गढूळ पाणी ओतलं. "घे मुडद्या, पी!" असं इंजिनालाच म्हणाली. तिला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

श्यामराव तिचा चुलत दीर. आसगावच्या शिवारात धानाची वरची बांधी त्याची, खालची तिची. मागच्या साली धान निसवताना पाऊस पळाला, तेव्हा एका दिवसाच्या पाण्यासाठी ती त्याच्या पाया पडली होती. "डिझेल का फुकटात येते, वहिनी?" म्हणून त्यानं तोंड फिरवलं. दाणा न भरता तिच्या धानाचं नुसतं तणीस झालं. तेव्हापासून त्या इंजिनाची फटफट ऐकली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदाही पोळ्यापासून आभाळ कोरडं. पण चंद्रकांताच्या बांधीत घोटाभर पाणी! "माही जमीनच गुणाची," असं ती गावभर मिरवायची. श्यामराव मात्र मेटाकुटीला आलेला.

"दिवसभर इंजिन चालवून राहिलो, तरी बांधी भरत नाही. एवढं डिझेल जाते कोठी?"

"तुमच्या पापात जिरते, भाऊजी!" तिनं फणकाऱ्यानं सुनावलं होतं.

रेतीनं काम केलं. इंजिन पवनीच्या मिस्त्रीकडं गेलं. श्यामरावची बांधी सुकली, भेगाळली. चंद्रकांता रोज धुऱ्यावर उभी राहून ते डोळे भरून बघायची. मग तिच्याही बांधीतलं पाणी आटलं. निसवायला आलेलं धान माना टाकू लागलं. असं कसं झालं, तिला काही उमजेना.

इंजिन दुरुस्त होऊन आलं, त्या सकाळी श्यामराव धुऱ्याशी बसून चिखल थापत होता. स्वारी खुशीत होती.

"वहिनी, इकडं या! बांधी सुकली म्हणून दिसलं. खेकड्यानं केवढं बीळ पाडलं पाहा, धुऱ्यातून सरळ तुमच्या बांधीत! माहं डिझेल तिकडं जाऊन राहिलं होतं."

चंद्रकांतानं वाकून बीळ पाहिलं. 'राहू द्या ना ते बीळ,' असं अगदी ओठांवर आलं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार?

श्यामरावनं चिखलावर टाच दाबली आणि इंजिनाचं हँडल फिरवलं. फटफट सुरू झाली.

"आता थेंबभर नाही जात," तो म्हणाला.