अवलंबून व्यक्ती

प्राप्तिकर विवरणपत्र भरायला शिकवणाऱ्या वर्गात सगळे सरावासाठी आपापल्या घराची माहिती भरत होते. निवृत्त कंपाउंडर दिगंबर सोनटक्क्यांच्या संगणकापाशी वीणा मॅडम थांबल्या.

"काका, यंत्रमानव मालमत्तेत दाखवतात. तुम्ही अवलंबून व्यक्तींत टाकलाय."

"मालमत्तेत दाखवला तर जुना म्हणून भंगारात द्यावा लागेल, मॅडम. बायकोच्या आजारपणात त्यानंच तिचं सगळं केलं."

मॅडमनी सकाळीच शिकवलेले दोन प्रश्न विचारले.

"त्याला स्वतःचं उत्पन्न आहे?"

"नाही."

"तुमच्याशिवाय त्याचं भागतं?"

"गुडघे गेलेत त्याचे. मीच उठवतो, मीच चार्जिंगला लावतो."

"मग बरोबर भरलंय. राहू द्या तसंच."

सोनटक्क्यांनी विवरणपत्र जतन केलं. मग त्यांनी घरी फोन लावला.

"निघतोय मी. तोवर एकटा उठू नकोस."