रुसुबान

"रुसुबान," नात म्हणाली. "म्हणा, आजोबा."

"रुसुबान. म्हणजे रुसून बसलेला?"

ती खुदकन हसली. "नाही हो. रुसण्याचा काही संबंध नाही. बाबा म्हणाले, हा शब्द आजोबांकडून पक्का करून घे."

आजोबांचा सारा जन्म पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात गेला होता. आता मुलाची नोकरी जपानला हलणार होती, म्हणून ते जपानी शिकायला नातीचे विद्यार्थी झाले होते. तिथल्या शेजाऱ्यांची चौकशी कशी करायची, दुकानात दूध कसं मागायचं, सगळं त्यांनी घोकून ठेवलं होतं. आरामखुर्चीसुद्धा समोरच्या बिऱ्हाडाला देऊन टाकली होती. विमानात ती थोडीच नेता येणार? त्यांच्या व्हिसाचे कागद तेवढे यायचे होते.

मुलगा दाराला आतून नवी कडी बसवत होता.

"अण्णा, इथे हात पोचतो ना तुमचा?"

"पोचतो की. पण बंद घराला कडी कशाला? कुलूप पुरे."

"असू दे," मुलगा म्हणाला आणि पेचकस फिरवत राहिला.

आजोबा नातीकडे वळले. "अर्थ सांगू नकोस. वाक्यात वापरून दाखव. अर्थ मी शोधतो."

वर्गातही ते असंच करत. नातीने बाईंसारखा घसा खाकरला. "आई बाजारात जाते. मी रुसुबान करते."

"हट्ट करतेस?"

"चूक. शेजारी फिरायला जातात. त्यांचा कुत्रा रुसुबान करतो."

"भुंकतो." आजोबांनी मुद्दामच चुकीचं सांगितलं. तिला चूक काढायला आवडे.

"आजोबा, नीट विचार करा बरं."

"घर राखतो."

"शाब्बास! सगळे गेले की मागे राहून घर सांभाळायचं. आता तुमचं वाक्य."

आजोबा ताठ बसले. "आपण सगळे जपानला जातो. कुलूप रुसुबान करतं."

"अर्धं चूक. कुलूप कसं करेल? मागे राहणारं कुणीतरी लागतं." ती जवळ सरकली. "थांबा, बाबांनी मला एक वाक्य शिकवलंय. तुम्ही शब्द बरोबर ओळखलात की मगच सांगायचं होतं."

दारातला पेचकस थांबला.

"आम्ही तिघं जपानला जातो. आजोबा रुसुबान करतात."